ऑफिसचे पीसी बदलताय? नवा सीपीयू घ्यायच्या आधी जुन्याच्या मागे काय काय लटकलंय ते बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तेव्हापासून छोट्या ऑफिसांमध्ये गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अहो मशीन तर झकास चालतंय, मग बदलायचं कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही. टॅली उघडते, प्रिंट निघते, चलन भरलं जातं, सगळं कालच्यासारखंच. बंद काय झालं तर दर महिन्याला सिक्युरिटीचे जे पॅच यायचे ते, आणि ते नाहीत हे डोळ्यांना दिसत नाही हीच सगळी गोची आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, जगभर धुमाकूळ घातला ते आठवत असेल, तर त्या भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधीच दिला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले. आता विंडोज १० मध्ये उद्या असं भोक निघालं तर साध्या मशीनला पॅच येणारच नाही.

पैसे भरून पॅच मिळतात, नाही असं नाही. धंद्याच्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर लावलेत, आणि दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. हिशोब करून बघा, तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात, तेवढ्यात बरं नवं मशीन येतं. त्यामुळे ही सोय ज्याला खरंच एखादं मशीन काही महिने ओढायचंय त्याच्यासाठी, बाकीच्यांनी तिच्या नादाला लागू नये असं माझं मत.

मग लोक म्हणतात, जुन्यावरच विंडोज ११ टाका की. इथे दोन अडथळे आहेत. पहिला टीपीएम २.०. मदरबोर्डवरची छोटी तिजोरी समजा, एन्क्रिप्शनच्या, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करायच्या, किल्ल्या तिच्यात राहतात आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी किल्ली बरोबर जात नाही. २०१६ च्या पुढच्या बऱ्याच मशीनमध्ये ती असतेच, प्रोसेसरच्या आतच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. म्हणजे "टीपीएम नाही" असा मेसेज आला की लगेच मशीन भंगारात काढू नका, आधी बायोसमध्ये जाऊन बघा, नुसतं चालू करून काम भागलं अशी मशीन भरपूर असतात.

दुसरा अडथळा प्रोसेसरचा, आणि त्याला बायोसमध्ये बटण नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, एएमडीमध्ये रायझन २००० पासून पुढचे बहुतेक चालतात. पिढी ओळखायची कशी, तर आय५ नंतरचा आकडा बघायचा. आय५-७५०० असेल तर सातवी, आय५-८४०० असेल तर आठवी, आणि आकडा पाचअंकी असेल, म्हणजे १०४०० वगैरे, तर पहिले दोन अंक, दहावी. दुकानदार नुसतं "आय५ आहे साहेब, आय५" म्हणतो त्याला काही अर्थ नाही, आय५ २००९ पासून बाजारात आहे. रिफर्बिश्ड घेताना तर हे हमखास विचारा, कारण चौथ्या पिढीच्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकून विकणारे आहेत. ते चालतं पण, सहा महिने वर्षभर कुणाला काही कळत नाही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्टने स्वच्छ लिहून ठेवलंय, आणि वर्षातून एकदा जो मोठा अपडेट येतो तो अशा मशीनला आपणहून येत नाही, दर वेळी कुणीतरी बसून हाताने टाकायचा. म्हणजे ज्या कारणासाठी बदल करतोय तेच कारण परत दारात उभं.

बरं, आता नवंच घ्यायचं ठरलं. काय घ्यायचं यावर नेटवर ढीगभर व्हिडिओ आहेत, म्हणून मी थोडक्यात उरकतो. अकाउंट, एक्सेल, ब्राउझर, मेल एवढंच काम असेल तर प्रोसेसरवर उगाच पैसे घालू नका, मधला कुठलाही आजचा प्रोसेसर पुरून उरतो. नावांचा मात्र घोळ झालाय. इंटेलने २०२३ च्या शेवटी कोअर अल्ट्रा आणलं आणि नव्या नावांमधून 'आय' काढून टाकला, त्यामुळे आता कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ आणि जुना आय५ असे तिघंही एकाच दुकानात शेजारी शेजारी दिसतात आणि तिघंही वेगळे. कोटेशनमध्ये पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, "आय५ किंवा समतुल्य" असं लिहिलेलं कोटेशन मी तरी परत पाठवतो.

पैसे घालायचे ते रॅम आणि एसएसडीवर. रॅम १६ जीबी. ८ मध्ये विंडोज ११ चालतं, पण क्रोमचे पंधरा टॅब, एक झूम कॉल आणि त्यात मोठी एक्सेल शीट उघडली की मशीन हापायला लागतं. आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढले की विचारू नका. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांना एआयच्या सर्व्हरवाल्यांकडून जास्त पैसा मिळतोय, मग तिकडेच माल वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा किरकोळ बाजारातला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून आत्ता ८ घेऊन "नंतर वाढवू" म्हणणाऱ्यांनी दोनदा विचार करा, आणि लॅपटॉप असेल तर रॅम बदलता येते का हे आधी विचारा, बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवायचा प्रश्नच येत नाही.

विंडोज प्रो घ्या, होम नको. होमवर रिमोट डेस्कटॉपने बाहेरून त्या मशीनवर येता येत नाही, डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यात, जोडता येत नाही, सगळ्या मशीनना एकसारखे नियम (पॉलिसी) लावता येत नाहीत. सुरुवातीला वाचवलेले पैसे सपोर्टवाल्याच्या फेऱ्यांमध्ये जातात.

आणि एक, स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉप. २०२४ च्या मध्यापासून कोपायलट प्लस पीसी म्हणून आलेत, बॅटरी भारी चालते, दिसायला देखणे, साहेबांना हमखास आवडतात. पण त्यातला प्रोसेसर एआरएम जातीचा, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. नेहमीचे प्रोग्राम त्यावर अनुवाद होऊन चालतात, पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं यंत्र विंडोजकडून चालवून घेणारे प्रोग्राम, असे अनुवाद होऊन चालत नाहीत, ते एआरएमसाठी वेगळे बनवलेलेच लागतात. म्हणजे डिजिटल सहीचं (डीएससीचं) युएसबी टोकन, बायोमेट्रिक मशीन, जुना प्रिंटर, यातल्या प्रत्येकाचा ड्रायव्हर एआरएमसाठी निघालाय का हे विचारल्याशिवाय घेऊ नका. फिरतीवर असणाऱ्या सेल्सच्या माणसाला तो लॅपटॉप छान, पण ज्याला रोज जीएसटी नाहीतर टेंडरवर डिजिटल सही करायचीय त्याला तो देताना शंभर वेळा विचार करा.

इथपर्यंत सोपं आहे हो. पैसे असले की मशीन येतं. खरा खेळ मशीन आल्यावर, कारण जुना सीपीयू हा नुसता सीपीयू नसतो, त्याच्या मागे दहा वर्षांत काय काय लटकवलेलं असतं ते कुणालाच आठवत नसतं. म्हणून माझी पद्धत अशी, की कोटेशनच्या आधी टॉर्च घेऊन टेबलाखाली जायचं आणि प्रत्येक मशीनच्या मागचा फोटो काढायचा. प्रत्येक वायर कुठे जाते ते कागदावर लिहायचं. धुळीने शर्ट खराब होतो, पण अर्धे प्रॉब्लेम तिथेच सापडतात.

उदाहरणार्थ जिथे वजनकाटा आहे, एखादी जिनिंग मिल किंवा धान्याचा गाळा, तिथे काट्याच्या डिस्प्लेतून एक केबल निघून पीसीच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला गेलेली असते. नव्या मशीनला तो पोर्ट बहुतेक नसतोच. मग युएसबी टू सिरियल कन्व्हर्टर लावतात, आणि इथे एक मजा आहे. स्वस्तातल्या कन्व्हर्टरमध्ये बऱ्याचदा प्रॉलिफिकची पीएल२३०३ चिप असते, जुनी किंवा नकली, आणि नव्या विंडोजमधला ड्रायव्हर तिला ओळखतो पण काम करू देत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडलं की पिवळं उद्गारचिन्ह आणि शेजारी चक्क लिहिलेलं असतं की ही चिप २०१२ पासून बंद झालीय, विकणाऱ्याशी संपर्क साधा. विकणारा लॅमिंग्टन रोडवरचा, त्याच्याशी काय संपर्क साधणार. एफटीडीआय चिपचा बरा कन्व्हर्टर थोडे जास्त पैसे देऊन बिलासकट घ्यायचा, आणि कॉम पोर्टचा (विंडोज सिरियल पोर्टला याच नावाने ओळखतं) नंबर जुन्या मशीनवर जो होता तोच नव्यावर द्यायचा, कारण वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम १ ठोकून बसवलेला असतो आणि ते बनवणारा माणूस आता फोन उचलत नाही.

प्रिंटरचं वेगळंच. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा १०२०, या दोन प्रिंटरांनी आपल्याकडची निम्मी ऑफिसं सांभाळलीत म्हटलं तरी चालेल, मरायचं नावच घेत नाहीत. पण हे दोघं स्वतः फार कमी डोकं चालवतात, पानाचं चित्र तयार करायचं सगळं काम कॉम्प्युटर करतो, म्हणजे सगळा भार ड्रायव्हरवर. नवं मशीन यायच्या आधी ६४ बिटचा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. आणि एका पीसीला युएसबीने प्रिंटर लावून तो बाकीच्यांना शेअर करायची जी पद्धत आहे ती या निमित्ताने मोडा. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या भागात, भोकं सापडल्यावर मायक्रोसॉफ्टने शेअरिंगचे नियम आवळले, तेव्हापासून "०x०००००११बी" वाला एरर कितीतरी लोकांना भेटलाय. नेटवर्कचा प्रिंटर घ्या, त्याला फिक्स आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा न बदलणारा पत्ता, द्या आणि सगळ्यांनी थेट त्यालाच प्रिंट पाठवा, म्हणजे कुणा एकाचा पीसी बंद आहे म्हणून आख्खं ऑफिस अडत नाही. (जाता जाता, लेझर प्रिंटर युपीएसला लावू नका, आतला हीटर तापताना एवढा करंट ओढतो की ६०० व्हीएचा युपीएस किंचाळायला लागतो.)

स्कॅनरचा झटका बहुतेकांना अनपेक्षित असतो. मोठं झेरॉक्स मशीन असतं ना, स्कॅन केलं की थेट पीसीच्या फोल्डरमध्ये पीडीएफ येते, ते नवा पीसी लावल्यावर एकदम बंद. मशीन बिघडलेलं नसतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून शेअर फोल्डरसाठी सही-तपासणी (वाटेत डेटात फेरफार झाला नाही ना हे बघणारी) सक्तीची झालीय आणि पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून घुसणं प्रोमध्ये बंद केलंय, आणि जुनी झेरॉक्स मशीनं नेमकी तशीच घुसायची. त्यावर उपाय असा की पीसीवर फक्त स्कॅनरसाठी एक वेगळा युजर पासवर्डसकट बनवायचा, तोच झेरॉक्स मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये टाकायचा, आणि मशीनच्या मेनूत एसएमबी (शेअर फोल्डरसाठी मशीनं एकमेकांशी बोलतात ती भाषा) २ किंवा ३ असा पर्याय असेल तर तो निवडायचा. नेटवर शोधलं तर दहा ठिकाणी "एसएमबी १ चालू करा" असा सल्ला मिळेल, तो कृपा करून ऐकू नका. वॉनाक्राय घुसला तो याच एसएमबी १ च्या दारातून. मशीनला फक्त एसएमबी १ च येत असेल तर सरळ पेनड्राइव्हवर नाहीतर मेलवर स्कॅन करा.

पतसंस्थांमध्ये अजून एक जुना पाहुणा भेटतो, डॉसमधला फॉक्सप्रोचा प्रोग्राम, काळ्या पडद्यावरचा. तो ३२ बिटच्या विंडोजवर चालायचा, आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. त्यामुळे तो नव्या मशीनवर डबल क्लिकने उघडणार नाही म्हणजे नाही. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रामच्या आत तो चालवता येतो, पण प्रिंटिंग जुळवायला वेळ लागतो आणि डॉट मॅट्रिक्सवर पासबुक छापायचं असेल तर जास्तच. व्हिज्युअल फॉक्सप्रो असेल तर सुटलात, तो चालतो. डेटा डीबीएफ फाइलींमध्ये असतो, त्याची कॉपी सगळ्यात आधी, बाकी चर्चा नंतर.

टॅलीचं लक्षात ठेवायला सोपं आहे पण दर वेळी कुणीतरी विसरतंच. लायसन्स जुन्या मशीनवर ॲक्टिव्ह असतं, ते आधी तिथून सरेंडर करायचं आणि मग नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं. जुनं मशीन आधीच फॉरमॅट मारून बसलात तर लायसन्स रीसेट करायची भानगड निस्तरावी लागते आणि तेवढा वेळ अकाउंटंट हातावर हात ठेवून बसतो. आऊटलूकमध्ये पीओपीने, म्हणजे मेल सर्व्हरवरून पीसीवर उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धतीने, मेल येत असतील तर ते मेल सर्व्हरवर नसण्याचीच शक्यता जास्त, सगळे त्या एका पीएसटी फाइलमध्ये असतात. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, तेही बघा. आयकर, जीएसटी, पीएफ, सगळ्या पोर्टलचे पासवर्ड क्रोमलाच माहीत असतात, माणसाला एकही पाठ नसतो.

मराठी फॉन्टचं तर विचारूच नका. वर्डमधली जुनी पत्रं डीव्हीबी टीटी सुरेख, कृतिदेव नाहीतर श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये असतील आणि नव्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर पानभर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो आणि मॅडम घाबरतात की फाइल करप्ट झाली. फाइल ठीक असते, फॉन्ट टाकला की अक्षरं परत येतात. युनिकोडवाल्यांचीही एक छोटी अडचण आहे, मंगल फॉन्ट विंडोज १० पासूनच आपोआप येत नाही, नव्या मशीनवर निर्मला दिसतो आणि दोन पानांचा ठराव सव्वादोन पानांचा होतो. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स म्हणून आहे, ते टाकलं की मंगल येतो. इनस्क्रिप्ट येत नसेल त्यांच्यासाठी मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, वेगळं काही घ्यायची गरज नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती. नवं मशीन पहिल्यांदा चालू केलं की विंडोज मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतं. ऑफिसमध्ये त्या वेळी कोण असतं, तर मशीन बसवायला आलेला मुलगा. त्याला घाई असते, तो स्वतःचं अकाउंट टाकतो किंवा तिथल्या तिथे एक नवं बनवतो, आणि पुढे जातो. त्याच क्षणी मागच्या मागे डिस्क एन्क्रिप्ट व्हायला लागते, २४एच२ पासून तर जवळपास प्रत्येक नव्या मशीनवर, कुणालाही न विचारता. आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या मुलाच्या अकाउंटला जाऊन बसते. वर्षभर सगळं आलबेल. मग एक दिवस बायोसचा अपडेट येतो किंवा वॉरंटीत मदरबोर्ड बदलला जातो, टीपीएमला वाटतं मशीन बदललं, आणि सकाळी निळ्या स्क्रीनवर विचारणा येते, "रिकव्हरी की टाका". मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो. की नाही म्हणजे डेटा नाही, मायक्रोसॉफ्ट पण काढून देऊ शकत नाही, कारण एन्क्रिप्शन त्याचसाठी असतं.

एन्क्रिप्शन वाईट नाही, लॅपटॉप लोकलमध्ये विसरला तर तेच वाचवतं, त्यामुळे बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ऑफिसच्या नावाचं एक अकाउंट बनवा, त्याला मालकाचा फोन नंबर द्या, आणि प्रत्येक मशीनची की छापून, त्यावर मशीनचं नाव लिहून, फाइलला लावा. बायोस अपडेट करायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं हेच एन्क्रिप्शन, तात्पुरता सस्पेंड करायचा. आणि आधीच बसवून झालेली मशीनं असतील तर आजच बघा की ती कुणाच्या अकाउंटवर आहेत. तिथेच वनड्राइव्ह पण बघून घ्या, तो डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप स्वतःकडे वळवतो आणि फुकटचे ५ जीबी भरले की मग रडायला लागतो.

बदलाचा दिवस कुठला निवडायचा हे पण सांगतो, कारण यात विक्रेता तुमची बाजू बघत नाही. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी, या तारखांच्या आजूबाजूला अकाउंटच्या मशीनला हात लावायचा नाही. २२ ते २८ हा काळ बरा. सगळी मशीन एका दिवसात बदलायची नाहीत, विक्रेता म्हणेल रविवारी येऊन सगळं करून देतो, पण सोमवारी सकाळी दहा जणांचे दहा प्रॉब्लेम एकदम येतात आणि माणूस एकच असतो. आधी एक मशीन, ते पण ज्याचं काम सगळ्यात गुंतागुंतीचं आहे त्याचं, साहेबांचं नाही. साहेबांच्या मशीनवर मेल आणि व्हॉट्सॲप सोडून काही नसतं, त्यावरून काहीच कळत नाही. अकाउंटंटचं एक मशीन आठवडाभर नीट चाललं की बाकीची भराभर होतात.

जुनं मशीन निदान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत तिथेच कोपऱ्यात ठेवा, इंटरनेटची वायर काढून. हमखास काहीतरी राहिलेलं निघतं, कुणाचा तरी डी ड्राइव्हमधला फोल्डर, कुठली तरी बँकेची की. त्यानंतर ते देताना डिस्क काढून घ्या. नुसतं फॉरमॅट मारलेल्या जुन्या हार्ड डिस्कमधून फाइली परत काढता येतात, आणि त्यात लोकांची आधार-पॅन असतात. एसएसडी असेल तर बायोसमधून किंवा कंपनीच्या टूलमधून सिक्युअर इरेज, साधी हार्ड डिस्क असेल तर ड्रिलने दोन-तीन भोकं. उरलेला सांगाडा भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-वेस्टवाल्याला द्या, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तेच अपेक्षित आहे. त्याची पावती अकाउंटंटकडे द्या, ॲसेट रजिस्टरमधून मशीन कमी करताना ऑडिटर मागतोच.